ओझरच्या काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर: मिगमध्ये खुर्च्या बसवून का भागत नाही

काका, नमस्कार.

नव्या सुपरसॉनिक प्रवासी विमानांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "ओझरला आम्ही आवाजाच्या दुप्पट वेगाची मिग बांधली. त्यात खुर्च्या बसवल्या की झालं प्रवासी विमान. अमेरिकन कंपन्यांचं एवढं कौतुक कशाला? शेवटी हे श्रीमंतांचेच चोचले." ज्यांनी नाशिकजवळच्या ओझर मिग कारखान्यात उमेदीची वर्षं घातली, त्यांना दोन ओळींत उत्तर देणं बरं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मिग-२१ तो वेग गाठायचं ते आफ्टरबर्नर (इंजिनाच्या मागच्या नळीत जादा इंधन जाळून जोर वाढवणारी सोय) पेटवून, आणि तेही काही मिनिटंच. त्याचं इंजिन काहीशे तासांत ओव्हरहॉलला जायचं. प्रवासी विमानाचं इंजिन हजारो तास पंखाखालून न उतरवता चाललं पाहिजे, नाहीतर तिकिटाचं गणितच बसत नाही. खरी अडचण इथे आहे.

साधं जेट विमान टेकऑफला आणि वर चढताना इंजिनाला सर्वांत जास्त तापवतं. उंचीवर स्थिरावलं की ताण उतरतो. सुपरसॉनिक विमानाला ही उसंत मिळत नाही. बाहेर उणे ५७ अंश असले तरी मॅक १.७ म्हणजे आवाजाच्या १.७ पट वेगाने समोर येणारी हवा इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या हवा घेणाऱ्या तोंडात, मंदावली की सुमारे ६८ अंशांपर्यंत तापते, मॅक २ ला ११५ अंशांच्या वर. ही तापलेली हवा कॉम्प्रेसर आणखी दाबतो. मागची पाती आणि टर्बाइन मग तासन्‌तास त्या आचेत राहतात, रोज, वर्षानुवर्षं.

दुसरा पेच आवाजाचा. कॉन्कॉर्डची ऑलिम्पस ५९३ इंजिनं टेकऑफला आणि आवाजाचा वेग ओलांडताना आफ्टरबर्नर वापरत. विमानतळाभोवतीच्या वस्त्यांना ते सोसावं लागे. आफ्टरबर्नर काढायचा तर फॅन मोठा हवा, आणि मोठा फॅन मॅक १.७ ला हवेचा अवरोध वाढवतो. अमेरिकेतल्या बूम कंपनीचं, तिच्या नियोजित ओव्हरचर या प्रवासी विमानासाठीचं 'सिंफनी' इंजिन या दोन्हींच्या मधला मार्ग काढू पाहतंय: मध्यम बायपास (फॅनची काही हवा इंजिनाच्या गाभ्याला वळसा घालून जाते), आफ्टरबर्नर नाही. रोल्स-रॉइस २०२२ मध्ये या प्रकल्पातून बाहेर पडली, त्यानंतर कंपनीने इंजिन स्वतःच करायचं ठरवलं.

कौतुकाचं म्हणाल, तर ते मी हात राखूनच केलंय. २८ जानेवारी २०२५ ला कॅलिफोर्नियातल्या मोहावे वाळवंटावर आवाजाचा वेग ओलांडणाऱ्या, बूमच्याच एक्सबी-१ या छोट्या चाचणी विमानात तीन जे८५ इंजिनं होती, १९५० च्या दशकातल्या आराखड्याची, आफ्टरबर्नरसह. त्या उड्डाणाने विमानाचा आकार आणि नियंत्रण सिद्ध झालं. सिंफनीबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

श्रीमंतांचा मुद्दा मला मान्य आहे. ओव्हरचर विमानात ६४ ते ८० प्रवासी बसणार, माणशी इंधन साध्या विमानापेक्षा जास्त जळणार, आणि जैवइंधनावर चालेल म्हटलं तरी ते इंधन आज जगात फार थोडं बनतं. उद्या नाशिकचा माणूस त्यात बसेल म्हणून मी हा विषय घेतलेला नाही.

घेतला तो ओझरमुळेच. तुम्ही मिग बांधलीत, नंतर तिथे सुखोई-३० बांधली गेली; त्यांची इंजिनं मात्र ओडिशातल्या कोरापुटहून यायची, आणि त्यांचं मूळ डिझाइन रशियन. १७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरच्या धावपट्टीवरून तिथेच बांधलेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं, तेव्हा मलाही अभिमान वाटला. पण त्यातलं एफ४०४ इंजिन अमेरिकेतून येतं, आणि ती इंजिनं उशिरा मिळाली म्हणून तेजसचं सगळं वेळापत्रक मागे पडलं. विमानाचा सांगाडा उत्तम बांधणारे हात आपल्याकडे आहेत. टर्बाइनची पाती हजारो तास टिकवायची विद्या अजून आपल्या हाती नाही, आणि ती विद्या कोणी कशी मिळवतंय हे नाशिककरांनी बारकाईने पाहावं असं मला मनापासून वाटतं.

आता तुम्हाला एक विनंती. मिगच्या ग्राउंड रनला, म्हणजे जमिनीवरच्या इंजिन चाचणीला, आफ्टरबर्नर किती वेळ चालवू देत, आणि ती मिनिटं इंजिनाच्या आयुष्यातून कशी वजा धरत, हे तुम्ही आतून पाहिलं असेल. सांगता येण्यासारखं असेल तेवढं इथेच लिहा.