सहा आकडे आणि वरचे काका

फोन आणि कॉम्प्युटर यांच्यात जेमतेम वीतभर अंतर होतं. तरी फोनमधली ६३ बिलं कॉम्प्युटरपर्यंत न्यायला मला अख्खी दुपार लागली, आणि वाटेत एक फोटो वरच्या मजल्यावर जाऊन बसला.

बिलं भांडीबाजारातल्या एका दुकानदाराची. त्यांचं जीएसटीचं काम मी बघतो. ते बिलं पिशवीत घालून आणतात आणि पिशवीसकट परत मागतात, म्हणून फोटो काढून ठेवले होते. तारीख १९. रिटर्नची शेवटची तारीख २०.

आधी केबल लावली. फोन खुशीत चार्ज व्हायला लागला, बाकी ढिम्म. हातगाडीवर ५० रुपयांत मिळणाऱ्या असल्या काही केबलींमध्ये डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात, हे ज्ञान मला फुकट मिळालं. व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवून पाहिलं, तर फोटो असे आकसले की जीएसटी नंबरातला इंग्रजी आठ कुठला आणि बी कुठला, कळेना.

शेवटी भाच्याला फोन केला. तो इंजिनिअरिंगला आहे, म्हणजे घरातल्या मिक्सरपासून सगळं त्याला विचारायचं असतं. म्हणाला, "मामा, एक अॅप आहे. फोनवर टाक, कॉम्प्युटरवर टाक, दोघांची जोडी लाव. फक्त दोन्ही एकाच वायफायवर हवेत."

इथेच पाणी मुरलं. माझा राउटर आठवडाभर बंद होता आणि मी वरच्या काकांच्या वायफायवर दिवस काढत होतो. काका प्रेसमधून रिटायर झालेले. आमच्या नाशिकच्या जेल रोडला प्रेस म्हणजे लग्नपत्रिका छापायचं दुकान नव्हे. प्रेस म्हणजे नोटांची. माणूस सोन्यासारखा, पासवर्ड चिठ्ठीवर लिहून स्वतः खाली आणून दिला. दोष एकच. सकाळी सातला ते गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालतात आणि सव्वासातला ते पाणी माझ्या वाळत घातलेल्या शर्टावर उतरतं. मागच्या आठवड्यात मी त्याचा फोटोही काढला होता, सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला. मग राउटर गेला आणि माझा बाणाही गेला.

तर कॉम्प्युटरने विचारलं, या नेटवर्कवरच्या इतरांना मी दिसू का? मी ठासून "नाही" दाबलं. बँकांचे मेसेज वाचून वाचून आपल्याला नाही म्हणायची सवय लागली आहे. फोनवरच्या अॅपमध्ये एकच नाव आलं: "डेस्कटॉप", पुढे आडवी रेघ आणि सात अक्षर-आकड्यांची खिचडी. आपण बारसं केलं नाही तर विंडोज प्रत्येक कॉम्प्युटरचं असंच काहीतरी ठेवून टाकतं. यादीत एकच आहे म्हणजे आपलाच, या हिशेबाने मी ते दाबलं. फोनवर सहा आकडे आले. "दुसऱ्या स्क्रीनवर हेच आकडे दिसत आहेत का?"

दुसऱ्या स्क्रीनवर फक्त त्र्यंबकचा डोंगर दिसत होता, वॉलपेपरचा. कॉम्प्युटर म्हातारा आहे, येतील आकडे सावकाश, म्हणून मी "हो" दाबलं. खरं सांगायचं तर असले आकडे मी आयुष्यात कधी ताडून पाहिलेले नाहीत. जोडणी झाली, सुरक्षित आहे, हिरवी टिकमार्क. चाचणी म्हणून हाताला लागला तो फोटो पाठवला. कॉम्प्युटरवर काही नाही. पुन्हा पाठवला. तिसऱ्यांदा पाठवला.

वरून आवाज आला, "अहो, तुमचा फोटो आमच्या कॉम्प्युटरवर येतोय हो! तीनदा आला!"

काकांच्या नातवानेही तेच अॅप टाकलेलं होतं. मी माझ्या कॉम्प्युटरला लपून बसायला सांगितलं, म्हणून यादीत उरला तो त्यांचा. आकडे त्यांच्या स्क्रीनवर आले आणि नातवाने गेम समजून "हो" दाबलं.

भाचा हसायचा थांबेना. "मामा, जोडणी एकदम पक्की होती. फक्त घर चुकलं." मग त्याने ते आकडे कशाला असतात ते समजावलं, आणि आपल्या रहाडीवरून, म्हणजे रंगपंचमीला रंगाने भरतात त्या हौदावरून समजावलं म्हणून माझ्या डोक्यात शिरलं. रंगपंचमीच्या रहाडीतला रंग सगळ्या गावाला माहीत असतो. त्यात तू तुझा गुपित रंग मिसळून बादली चौकातून पाठवलीस. समोरच्याने त्याचा गुपित रंग मिसळून त्याची पाठवली. आलेल्या बादलीत दोघांनी पुन्हा आपापला रंग ओतला, की दोघांकडे एकच छटा तयार. चौकातल्या बघ्याने दोन्ही बादल्या पाहिल्या तरी ती छटा त्याला बनवता येत नाही. प्रत्यक्षात रंगांऐवजी प्रचंड मोठ्या संख्या असतात. डिफी आणि हेलमन या दोन संशोधकांनी १९७६ साली ही युक्ती मांडली.

"आणि बघ्याने बादल्याच अडवून स्वतःच्या पुढे ढकलल्या तर?" मी विचारलं. मला वाटलं, पकडला.

"तर तुझी छटा एक होईल आणि समोरच्याची दुसरी. म्हणून तर ते सहा आकडे, छटेवरून काढलेले. दोन्ही स्क्रीन बघायच्या असतात, मामा. *आपल्या* स्क्रीन."

तोवर काका खाली आले होते. फोटोबद्दल चकार शब्द नाही. त्यांचा राग वेगळाच होता. "नंबर न तपासता दोघांनी हो म्हटलंत?" आयुष्यभर नोटांच्या कागदापाशी घालवलेला माणूस, त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं, मी आणि नातवाने मिळून ट्रेझरी फोडली.

पुढचं सगळं त्यांच्या देखरेखीखाली झालं. जुनी जोडी दोन्हीकडून पुसली. माझ्या कॉम्प्युटरला दिसायची परवानगी दिली आणि त्याचं नाव "तळमजला" ठेवलं. आकडे आले. काकांनी चष्मा पुसला, आणि अर्धं मिनिट संपून आकडे गेले. दुसऱ्यांदा आले. काका एकेक आकडा मोठ्याने वाचायला लागले, फोनवरचा, मग स्क्रीनवरचा, चौथ्यापर्यंत पोचले, गेले. तिसऱ्यांदा मी "जुळले" म्हणालो तर माझा हात धरून म्हणाले, "थांबा, शेवटचा राहिलाय."

६३ बिलं दोन मिनिटांत पोचली. रिटर्न रात्रीच भरून टाकलं.

झोपताना मी फोनमध्ये पाहिलं, चाचणीसाठी तीनदा कुठला फोटो पाठवला होता. माझा ओला शर्ट, त्याच्यावर थेंब, आणि वर काकांच्या कुंड्या.

सकाळी सव्वासातला गॅलरीत गेलो. शर्ट कोरडा होता. वर पाहिलं तर प्रत्येक कुंडीखाली स्टीलची थाळी, आणि काका चष्मा लावून त्या मोजत होते.