अर्ध्या रेपमध्ये वजन वाढवलं म्हणून पूर्ण लिफ्ट वाढत नाही

रील्समधून आणि जिमच्या ग्रुपवर एक सल्ला जोरात फिरतोय: ‘वजन अडलंय? मॅक्सच्या (एकदाच जेमतेम उचलता येतं ते वजन) वीस-तीस टक्के वर लोड करा आणि अर्ध्या रेप (अर्धवट उचल) मारा. नर्व्हस सिस्टिमला सवय झाली की पूर्ण लिफ्ट आपोआप वाढते. ओव्हरलोड म्हणजे हेच.’

शेवटचं वाक्य आधी घेऊ. ओव्हरलोड म्हणजे स्नायूंवरचा ताण टप्प्याटप्प्याने वाढवणं. 60 किलोचा बेंच 3 सेटमध्ये 8-8 जायचा, तो 9-9 जायला लागला, तर तोही ओव्हरलोडच. 1.25 च्या दोन प्लेटा वाढवल्या, तरी ओव्हरलोडच. रॅक पुल (रॅकच्या पिनांवर ठेवलेला बार उचलणं), बोर्ड प्रेस (छातीवर फळ्या ठेवून बेंच), रिव्हर्स बँड (वरून लटकवलेल्या रबरी पट्ट्यांच्या मदतीने उचलणं) हे व्यायाम वेगळे: त्यात हालचालीचा अवघड भाग कापून किंवा हलका करून मॅक्सच्या वरचं वजन घेतात. दर आठवड्याला वजन चढतंय त्या नवशिक्याला यातलं काहीच लागत नाही.

‘अर्ध्या रेप मारा.’ पण कुठला अर्धा? ताकद मुख्यतः ज्या कोनात काम केलं त्याच्या आसपास वाढते. साध्या बेंचमध्ये बार बहुधा छातीपासून काही सेंटिमीटरवर अडतो. बोर्ड प्रेसची एक फळी सुमारे 38 मिलिमीटर जाड. तीन फळ्या ठेवल्या की बार 11 सेंटिमीटरवरच थांबतो, म्हणजे जिथे अडत होता तो टप्पाच गायब. हा व्यायाम रुजला बेंच शर्ट (बेंचसाठीचा खास घट्ट शर्ट) घालणाऱ्या पॉवरलिफ्टर्समध्ये. शर्ट छातीपाशी ढकलून देतो, त्यांची अडचण वर लॉकआउटला, म्हणजे हात पूर्ण सरळ करताना, असते. टी-शर्टवर बेंच मारणाऱ्याने तो जसाच्या तसा उचलून काय मिळणार?

रॅक पुलचंही तेच. पिना गुडघ्याच्या वर लावल्या की गुडघे पुढे सरकतात, कंबर खाली येते आणि डेडलिफ्टची पाव स्क्वॉट होते. आकडा फुगतो, पाठीला तो कोन मिळतच नाही. पिना गुडघ्याच्या जरा खाली लावा. बाजूने व्हिडिओ घ्या आणि खऱ्या डेडलिफ्टमध्ये बार त्या उंचीवर असताना पाठ जशी असते तशीच इथे आहे का, ते पाहा.

पॉल अँडरसनचा दाखला हमखास येतो. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकचा हा सुवर्णविजेता खड्ड्यात उभं राहून अर्धी स्क्वॉट मारायचा, हे खरं. पण तो खड्ड्यात हळूहळू माती भरत जायचा. पाय वर येत गेले, खोली वाढत गेली, शेवटी पूर्ण स्क्वॉट झाली. रीलमध्ये ही माती भरण्याची गोष्टच गाळलेली असते.

‘नर्व्हस सिस्टिमला सवय’ यात थोडं तथ्य आहे. मॅक्सच्या 105-110 टक्के वजन रॅकमधून काढून 8-10 सेकंद नुसतं पेललं की पोट-पाठ कसायला शिकते, वजनाची धास्ती जाते आणि त्यानंतरचा सेट हलका वाटतो. मात्र हा हलकेपणा काही मिनिटांचा. खोल स्क्वॉटमधून वर येण्याची ताकद त्यातून येत नाही.

राहिले वीस-तीस टक्के. रिव्हर्स बँडवर मोजून बघा. रॅकच्या वरून बँड लटकवा, त्यात बार अडकवा आणि बार बरोबर छातीच्या उंचीला स्थिरावेपर्यंत प्लेटा चढवा. 20 च्या बारवर दोन्हीकडे 2.5 लागल्या, तर तिथे बँडची मदत 25 किलो. मॅक्स 100 असेल तर 105 लोड केल्यावर छातीपाशी 80 आणि वर पूर्ण 105. पण लॉकआउटला बँड सैल पडले तरच! ताणलेले राहिले तर वरही 105 नाहीत, बँडची जागा बदला. 130 लावायचे तर छातीपाशी इतकी मदत लागते की तळाशी कामच उरत नाही. उरलेलं स्पॉटर (मदतीला उभा असलेला साथीदार) उचलतो.

तरी रिव्हर्स बँड करायचाच असेल, तर मॅक्सच्या 102 ते 107 टक्क्यांत दोन-तीन सिंगल (एका रेपचे सेट), आठवड्यातून एकदा, तीन-चार आठवडे, आणि सोबत पूर्ण रेंजचे सेट चालूच. सेफ्टी पिना प्रत्येक वेळी लावायच्या. मॅक्स तपासायच्या आधी सात ते दहा दिवस हे बंद. एखादी सिंगल स्पॉटरच्या बोटांवर गेली, तर पुढच्या वेळी 5 किलो कमी.