शेपूट आधी वाचा

आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला आहे, म्हणून नाशिककराला ‘हायपोनेट्रेमिया’ जन्मतःच उच्चारता येतो, असा कुणाचा समज असेल तर त्याने तो काढून टाकावा. डिस्चार्ज कार्ड हातात पडलं की इथलाही माणूस आधी चष्मा शोधतो, मग बिलाचा आकडा बघतो, आणि निदानाच्या ओळीशी अडकला की बारावी सायन्सच्या पोराला हाक मारतो. पोरगं नीटच्या क्लासला गेलेलं असतं.

मग तो शब्द घोकायला सुरुवात होते. नर्सिंगला किंवा लॅब टेक्निशियनच्या डीएमएलटी डिप्लोमाला नव्याने प्रवेश घेतलेली मुलंही हेच करतात. शंभर वैद्यकीय शब्दांची यादी, शंभर अर्थ, रात्रभर घोकंपट्टी आणि सकाळी सगळं गोदावरीत. मला विचाराल तर अख्खा शब्द पाठ करण्यावर बंदीच घालावी. हे शब्द जोडकामाचे असतात. मधे मूळ अवयव, मागे प्रत्यय आणि असलाच तर पुढे उपसर्ग. वाचायचे मात्र मागून. टपाल खात्यातला माणूस पाकिटावर आधी पिनकोड बघतो, घर नंबराकडे सगळ्यात शेवटी येतो, तसं. आधी शेपूट, मग तोंड, मग मधलं धड.

‘आयटिस’ दिसलं की दाह. (दाह म्हणजे जंतू असलेच पाहिजेत असं नाही. गुडघ्याच्या आर्थ्रायटिसवर अँटिबायोटिक मागणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.) खरा गोंधळ होतो तो ‘ऑटमी’, ‘ऑस्टमी’ आणि ‘एक्टमी’ या तिघींचा. ऑटमी म्हणजे छेद दिला, ऑस्टमी म्हणजे छेद देऊन वाट उघडी ठेवली, एक्टमी म्हणजे काढूनच टाकलं. हा धडा नाशिककराला अवघड जायचं कारणच नाही, कारण गावाचं नाव त्यावरच बेतलेलं आहे. लक्ष्मणाने पंचवटीत शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नासिक, ही कथा रामकुंडाकडे नेणारा रिक्षावालासुद्धा सांगतो. ग्रीकमध्ये नाकाला ‘राइन’. लक्ष्मणाने केली ती राइनेक्टमी. नुसता छेद देऊन थांबला असता तर राइनॉटमी. आणि शूर्पणखेला वेळेवर राइनोप्लास्टी करून नाक परत घडवणारा कुणी भेटला असता तर पुढची चार कांडं बरीच आटोपशीर झाली असती.

आता कुणी विचारेल, मग नाकाच्या हाडाला ‘नेझल बोन’ का म्हणतात? कारण शरीराच्या भागांची नावं बहुतांशी लॅटिनमधून आली आणि आजारांची, शस्त्रक्रियांची बहुतांशी ग्रीकमधून. त्यामुळे एकेका अवयवाला दोन दोन आडनावं आहेत. सोनोग्राफीच्या कागदावर ‘रीनल’, डॉक्टरांच्या पाटीवर ‘नेफ्रॉलॉजिस्ट’, आणि मूत्रपिंड आपलं एकच.

दोन तुकडे सांधायला मधे बहुधा ‘ओ’ येतो. प्रत्यय व्यंजनाने सुरू झाला तर ओ टिकतो, म्हणून गॅस्ट्रोस्कोपी. स्वराने सुरू झाला तर ओ गळतो, म्हणून गॅस्ट्रायटिस. दोन अवयव शेजारी आले तर मात्र दुसरा स्वराने सुरू होत असला तरी ओ जागचा हलत नाही, म्हणून जठर आणि आतडं मिळून गॅस्ट्रोएन्टरायटिस. मार्कांसाठी संस्कृत घेऊन संधी सोडवलेल्यांना हे ओळखीचं वाटेल.

एवढ्या भांडवलावर सगळ्यात मोठा राक्षस अंगावर घ्यायला हरकत नाही: एसोफॅगोगॅस्ट्रोड्युओडेनोस्कोपी. घाबरू नका, शेपूट धरा. ‘स्कोपी’ म्हणजे दुर्बिणीने पाहणं. काय पाहणं? एसोफॅगो अन्ननलिका, गॅस्ट्रो जठर, ड्युओडेनो लहान आतड्याचा पहिला भाग. दुर्बीण घशातून खाली उतरते ती याच क्रमाने, म्हणजे शब्द नव्हे, रस्त्याचा नकाशाच. त्यातलं ‘ड्युओडेनम’ लॅटिनमधल्या बारावरून आलं, कारण तो भाग आडव्या बारा बोटांइतका लांब, सुमारे २५ सेंटिमीटर मानला गेला. ब्रिटिश स्पेलिंग ‘ओ’ने सुरू होतं, म्हणून चिठ्ठीवर याचं ‘ओजीडी’ होतं आणि शेजारच्या काकू ‘अहो, तोंडातून दुर्बीण घातली’ म्हणतात. काकूंचं भाषांतर बिनचूक आहे.

उपसर्ग तर मराठी माणसाला निम्मे फुकट मिळतात, कारण ग्रीक आणि संस्कृत लांबच्या नात्यातल्या. ‘पेरि’ म्हणजे परि, सभोवती. ‘डिस’ म्हणजे दुस्, त्रासाचं. ‘हायपर’ म्हणजे उपरि, आणि ‘हायपो’ म्हणजे उप. सरपंचाच्या खाली उपसरपंच, हे लक्षात ठेवलं की हायपो वर जात नाही. हायपोनेट्रेमिया आता सोडवा. ‘एमिया’ रक्तात, ‘हायपो’ कमी, ‘नेट्र’ म्हणजे नेट्रियम, अर्थात सोडियम. रक्तातलं सोडियम लिटरमागे १३५ मिलिमोलच्या खाली गेलं, इतकाच मजकूर. घरोघरी ‘आजोबांचं सोडियम गेलं’ म्हणतात ते हेच. डेंग्यूच्या दिवसांतला थ्रॉम्बोसायटोपेनियाही तसाच. ‘पेनिया’ म्हणजे ग्रीकमधलं दारिद्र्य. प्लेटलेट दीड लाखाच्या खाली गेल्या की दारिद्र्यरेषा ओलांडली, आणि बाजारात किवीचा भाव वर.

थायरॉइडच्या रिपोर्टमध्ये मात्र जपून. टीएसएचपुढे वरचा बाण आणि निदानात हायपोथायरॉइड, हे पाहून लोक लॅबवाल्याशी भांडायला जातात. टीएसएच हा थायरॉइडचा माल नव्हे, मेंदूतल्या पिट्यूटरीचा हुकूम आहे. ग्रंथी काम करेनाशी झाली की वरून हुकूम वाढतात. सरकारी कचेरीत काम केलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

आणखी एक, वह्या देवनागरीत काढू नका. लहान आतड्याचा शेवटचा भागही ‘इलियम’ आणि कमरेचं हाडही ‘इलियम’. रोमन लिपीत आतड्याला मधे ई आणि हाडाला आय, देवनागरीत दोघंही एका वेषात. डिस्फेजिया म्हणजे गिळायला त्रास, डिस्फेझिया म्हणजे बोलायला त्रास, आणि आपल्याकडे ज-झची अदलाबदल रोजची. उलट रोमन वाचताना ‘सीएच’चा उच्चार क करायचा. पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेला ‘चोलेसिस्टेक्टमी’ म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कॉलेज रोडचे छोले-भटुरे तरळत असतात. शब्द कोलेसिस्टेक्टमी असा आहे. कोले पित्त, सिस्ट पिशवी, एक्टमी गेली.

शेवटी ‘ओमा’. ही शेपूट दिसली की सगळे कर्करोग धरून चालतात. कार्सिनोमा, सार्कोमा हे खरोखर कर्करोग, पण लिपोमा ही चरबीची निरुपद्रवी गाठ, आणि ग्लॉकोमात तर गाठच नसते. हेमॅटोमा म्हणजे साकळलेलं रक्त, दारात बोट चेमटलं तरी होतं. पण ‘दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना हेमॅटोमा निघाला’ अशी बातमी सोसायटीच्या ग्रुपवर पडली की पाच मिनिटांत जोडलेल्या हातांची रांग लागते. त्या रांगेखाली काकांना स्वतःच लिहावं लागतं, ‘मी घरीच आहे. बर्फ लावतोय.’