खुलासा: नॅसच्या (नेटवर्कवर फाइली साठवायचा डबा) रीसेट बटणाने जुनं फर्मवेअर (कंपनीने आत टाकलेलं मूळ सॉफ्टवेअर) परत येत नाही

"नॅसवर बिनधास्त डेबियन टाका, फसलं तर रीसेट बटण दाबा, कंपनीचं फर्मवेअर परत येतं" असा मेसेज फिरतोय (डेबियन म्हणजे लिनक्सवरची एक ऑपरेटिंग सिस्टिम) आणि त्याचं मूळ माझीच जुनी पोस्ट आहे, सॉरी. ते बटण बहुतेक मॉडेलवर फक्त पासवर्ड आणि नेटवर्क सेटिंग पुसतं, फ्लॅशमधे (आतल्या कायमच्या मेमरी चिपमधे) लिहिलेलं कर्नल (सिस्टिमचा गाभा) त्याने बदलत नाही. माझ्याच डब्यावर दाबून बघितलं, दिवा नुसता लुकलुकत बसला, शेवटी झाकण उघडून ३.३ व्होल्टची सिरीयल केबल (कॉम्प्युटरवरून डब्याला थेट कमांड द्यायची वायर) लावली (५ व्होल्टची लावू नका, चिप जळू शकते) तेव्हा कुठे यू-बूटचा (डबा चालू होताना सगळ्यात आधी चालणारा छोटा प्रोग्राम) प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायची जागा, दिसला आणि आधी काढून ठेवलेली फ्लॅशची कॉपी परत लिहिता आली. ती कॉपी नसती तर बसलो असतो बोंबलत. जुना मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, कोणाला पाठवला असेल तर हा पण पाठवा.