मेणबत्त्या मागितल्या, गोळ्या मिळाल्या

अर्जेंटिनाच्या दक्षिणेकडच्या पॅटागोनियात सैन्यानं केलेल्या संपकरी मजुरांच्या कत्तलीचा विषय काढला की कुणीतरी म्हणतंच, "पण ते मजूर अराजकतावादी, म्हणजे सरकारच नको म्हणणारे होते ना?" हो, त्यांची संघटना अराजकतावाद्यांचीच होती. आता त्यांच्या मागण्या वाचा.

साल १९२०. पॅटागोनियातला सांता क्रूझ प्रदेश. महायुद्ध संपून लोकरीचे भाव कोसळलेले, आणि त्याची झळ मेंढ्या राखणाऱ्या, लोकर कातरणाऱ्या मजुरांना. त्यांनी मागितलं काय? महिन्याला किमान १०० पेसो. छोट्या खोलीत तीनपेक्षा जास्त माणसं कोंबू नका. कपडे धुवायला शनिवारी अर्धा दिवस द्या. दर महिन्याला माणशी मेणबत्त्यांचं एक पुडकं. आणि औषधपेटीवरच्या सूचना इंग्रजीऐवजी स्पॅनिशमध्ये लिहा! मालक, व्यवस्थापक बरेचसे ब्रिटिश. आजारी पडणाऱ्या मजुराला इंग्रजी कुठून येणार?

मागण्यांसाठी संप झाला. संपकऱ्यांनी मेंढ्यांचे मळे ताब्यात घेतले, माणसं ओलीस ठेवली, पोलिसांशी चकमकी झाल्या. हे मी लपवणार नाही. पण १९२१ च्या सुरुवातीला लेफ्टनंट कर्नल हेक्टर वरेला सैन्य घेऊन आला, तेव्हा तडजोड झाली आणि मजुरांनी शस्त्रं खाली ठेवली. म्हणजे बोलणी करून प्रश्न सुटत होता. करार मोडला तो मालकांनी.

पुन्हा संप झाला. वरेला पुन्हा आला, या वेळी थेट गोळ्या घालायला. ला आनिता मळ्यावर पुढारी अंतोनिओ सोतो विनवत होता, शरण जाऊ नका, मारतील. बहुमत शरणागतीच्या बाजूनं पडलं. सोतो चिलीत निसटला; मागे राहिलेल्यांपैकी अनेकांना खटल्याशिवाय उभं करून मारलं. फाकोन ग्रांदे या नावानं ओळखला जाणारा दुसरा पुढारी होसे फोंतही शरण आल्यावरच मारला गेला. एकूण आकडा काहीशेपासून १,५०० पर्यंत सांगतात.

त्या फौजेला तोंडावर नाही म्हटलं ते तिथल्याच सान हुलियान गावच्या वेश्यागृहातल्या पाच बायकांनी. फेब्रुवारी १९२२ मध्ये सैनिक दारात आले, तर "खुनी" म्हणत या बायकांनी त्यांना हाकललं. अटक झाली तरी मागे हटल्या नाहीत. अर्जेंटिनात त्या काळी एवढी हिंमत किती प्रतिष्ठितांनी दाखवली?

राष्ट्राध्यक्ष इरिगोयेन हुकूमशहा नव्हता, गुप्त मतदानानं निवडून आलेला होता. मला सगळ्यात जास्त चीड येते ती याची. त्याच्या सरकारनं वरेलाला कोर्टापुढे उभं केलं नाही. जानेवारी १९२३ मध्ये कुर्त विल्केन्स या जर्मन अराजकतावाद्यानं वरेलाला भर रस्त्यात ठार केलं, आणि विल्केन्सलाही पुढे तुरुंगातच गोळी घातली गेली. या खुनांचं समर्थन मी करणार नाही. पण न्यायाचा दरवाजा आधी सरकारनंच बंद केला होता, आणि त्याचा जाब इरिगोयेनला कधी द्यावा लागला नाही.