आठ मिलीमीटरची गाठ आणि तुमचा राग

दादा, तुमची प्रतिक्रिया आहे तशी ठेवली आहे. उदगीरहून एसटीने लातूरला जाऊन भावजयीच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीच्या गाठीची सोनोग्राफी केली, रिपोर्टवर 'टीआर 5' (संशयाची सगळ्यात वरची पायरी) आलं, तरी सुई न मारता (म्हणजे सुईने गाठीतल्या पेशी काढून न तपासता) 'वर्षाने या' म्हणून परत पाठवलं, आणि मी अशा डॉक्टरांची बाजू घेतो, असं तुमचं म्हणणं. उलट गावोगावी शिबिरं घेऊन सगळ्यांचेच गळे तपासा, हेही तुम्ही सुचवलंय.

टीआर 5 म्हणजे कॅन्सर ठरला असं नाही, दाट संशय. 2017 च्या अमेरिकन पद्धतीत गाठ भरीव आहे का, सोनोग्राफीत किती काळी दिसते, रुंदीपेक्षा उंच आहे का, कडा कशा, आत पांढरे ठिपके आहेत का, यांना गुण देतात. सात झाले की टीआर 5. पण त्याच पद्धतीत सुई 1 सेंटीमीटरपासून. अर्धा ते एक सेंटीमीटर असेल तर दरवर्षी सोनोग्राफी. वहिनींची गाठ 8 मिलीमीटर. डॉक्टरांनी टाळाटाळ केली नाही.

शिबिरांचं म्हणाल तर दक्षिण कोरियात नेमकं तेच झालं. आरोग्य तपासणीत गळ्याची स्वस्त सोनोग्राफी आली आणि 2011 मध्ये थायरॉइड कॅन्सरचं निदान 1993 च्या 15 पट झालं. मृत्यू जवळपास तेवढेच राहिले. म्हणजे त्यातल्या बऱ्याच गाठींनी जन्मभर काही केलं नसतं; नशिबी आली ती ऑपरेशनची गळ्यावरची चीर, बहुतेकांना रोजची गोळी, आणि काहींचा आवाज बसला. (शिबिराचा बॅनर मात्र झकास होतो.)

तुमचा राग मला पटतो तो रिपोर्टवर. तुम्ही पाठवलेल्या फोटोत '8 मिमी' एवढं एकच माप आहे. पुढच्या वर्षी ताडून कशाशी पाहणार? गाठ वाढली म्हणायला निदान दोन मापांत 20 टक्के आणि 2 मिलीमीटरची वाढ लागते, म्हणून तिन्ही मापं हवीत. ठिपक्यांचंही तसंच. रव्याच्या कणासारखा बारीक ठिपका तीन गुण घेतो. ज्याच्यामागे धूमकेतूसारखी मोठी शेपटी दिसते तो बहुधा कोलॉइडचा (थायरॉइडमधल्या चिकट द्रवाचा), त्याला शून्य. घाईत दोन्ही एकच वाटतात.

तेव्हा वर्षभर थांबू नका. फिल्म घेऊन त्याच डॉक्टरांकडे जा आणि तिन्ही मापं, गाठ श्वासनळीला चिकटली आहे का, मानेतल्या लसिकाग्रंथी कशा आहेत, हे लिहून मागा. या लसिकाग्रंथी संशयास्पद निघाल्या तर आठ मिलीमीटरचा हिशोब बाजूला. मग सुई लगेच करा, मीही तेच सांगेन.