रस्ता काय तुमच्या घरचा आहे?

आज सकाळपासून सोसायटीच्या ग्रुपवर एकच रडगाणं चालू आहे. पुण्यातल्या लक्ष्मी रोड, जंगली महाराज रोड, एफसी रोडला पार्किंगला पैसे लावणार म्हणे, आणि सगळे असे तुटून पडलेत की जणू कोणी यांचा सातबाराच काढून घेतला. "सामान्य माणसाची लूट"!! अहो, पंधरा-वीस लाखांची गाडी घेऊन साडी खरेदीला जाणारा सामान्य, तर मग पीएमपी बसच्या दारात लोंबकळणारा कोण?

मागे आईला घेऊन लक्ष्मी रोडला गेले होते, मावसबहिणीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, काठी टेकत हळूहळू चालते. कुंटे चौकाच्या अलीकडे एक पांढरी एसयूव्ही, दोन चाकं फुटपाथवर चढवलेली. आईला खाली रस्त्यावर उतरावं लागलं, तेवढ्यात मागून एक बाईकवाला हॉर्न मारत तिच्या कोपराला घासून गेला. गाडीत एक गृहस्थ एसी लावून मोबाइल बघत बसलेले. काच वाजवली तर म्हणतात, "दोनच मिनिटं हो ताई, मिसेस आत गेल्यात." आम्ही साड्या घेऊन बाहेर आलो तरी महाशय तिथेच!

त्याच रस्त्यावर दीडशे फुटांचा गाळा भाड्याने मागून बघा, भाडं ऐकून घाम फुटेल. गाडीला जवळपास तेवढीच जागा लागते, ती मात्र फुकट पाहिजे.

आणि फुकट असल्यामुळे होतं काय, तर बरीचशी जागा सकाळीच दुकानवाल्यांच्या नि कामगारांच्या गाड्यांनी भरते ती शटर पडेपर्यंत हलत नाही, गिऱ्हाईक बिचारं घिरट्या घालत बसतं. तासाला पैसे पडले असते तर तो एसीवाला माणूस तरी तिथे बसला असता का?

2018 ला महापालिकेने पार्किंग पॉलिसी मंजूर केली होती, पाच रस्त्यांवर सुरुवात करू म्हणाले. कुठाय ती? फायलीत. गाडीवाल्यांना दुखवायची हिंमत कुठल्याच पक्षात नाही.

हो, जिथे पार्किंगला पैसे घेतात तिथे ठेकेदाराची पोरं पावती न देता मनाला येईल तेवढे घेतात, मान्य. बस वेळेवर येत नाही, तेही मान्य. म्हणून फुटपाथवर गाडी चढवायची?

कोणीतरी लिहिलंय, म्हाताऱ्या माणसांना दुकानापर्यंत गाडी लागतेच. बरोबर आहे, यावर माझं भांडण नाहीच. आईलाही मी रिक्षाने दारातच उतरवलं असतं, पण रिक्षा थांबायला जागा होती कुठे, तिथे ते मोबाइल बघत होते ना!

2021 पासून 11 डिसेंबरला लक्ष्मी रोडवर पादचारी दिन करतात, गाड्या बंद. त्या दिवशी जाऊन बघा एकदा, आजीआजोबा रस्त्याच्या मधोमध गप्पा मारत चालतात, लहान पोरं हात सोडून पळतात, किती छान वाटतं. आपणच फोटो टाकतो, "आपलं पुणे" वगैरे. बारा तारखेला परत जैसे थे.

बरं, सप्टेंबर 2024 पासून मेट्रो थेट मंडईला उतरते, तिथून लक्ष्मी रोडजवळची तुळशीबाग चालत कितीशी लांब? ग्रुपवर बोंबलणाऱ्यांपैकी किती जण गेलेत तिने?

रविवारी मला अस्तर आणि फॉल आणायचेत, मी मेट्रोनेच जाणार आहे. कोणाला यायचं असेल तर मेसेज करा. गाडीवाल्यांनीही या, गाडी घरी ठेवून.